साडेबाराचं पाणी

१

अण्णा तीन वाजून दहा मिनिटांनी इमारतीत शिरले तेव्हा जिन्यावरून पाणी उतरत होतं. फार नव्हतं. एकेका पायरीवर थांबून, पुढे जावं की नाही असा विचार करत यावं तसं येत होतं. अण्णांनी ते पाहिलं, चपला ओल्या होऊ नयेत म्हणून कडेकडेने चढायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत त्यांच्या मनात दुसरं काहीही आलं नाही.

एकतीस वर्षं विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून काढलेला माणूस. जळालेली गोदामं, बुडालेली दुकानं, फोडलेल्या तिजोऱ्या बघून कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. पाण्याचा असा ओघळ दिसला की पूर्वी त्यांचे कान टवकारायचे. चार महिन्यांपूर्वी बायको गेली आणि कान, डोळे, जीभ सगळं जागच्या जागी राहूनही आतून कुणीतरी मेन स्विच बंद केल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या मजल्यावर शिंपीण दारात उभी होती. तिच्या हातात एक कोट होता आणि त्यातून लाल पाणी ठिबकत होतं.

"तुमच्या घरातून आलं," ती म्हणाली. "या. बघा."

आत लांबलचक टेबलावर आणि छताला टांगलेल्या दांडीवर बत्तीस कोट होते. नव्या हॉटेलच्या नोकरांसाठी शिवलेले, गर्द लाल, पांढऱ्या कॉलरचे. आता एकही कॉलर पांढरी राहिली नव्हती. छताचा गिलावा फुगून खाली लोंबत होता. शुक्रवारी माल पोचवायचा होता आणि आज मंगळवार. शिंपीण ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती एकेका कॉलरवरून अंगठा फिरवत होती.

तेवढ्यात वरून इमारतीचा रखवालदार उतरला. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून सूनबाईंनी त्याचं नाव किल्लीवाला पाडलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"मी दार उघडून आत गेलो. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडा होता," तो म्हणाला. "सिंकला बूच लावलेलं. आणि घरात कुणीच नव्हतं."

मग दोघांनीही अण्णांकडे पाहिलं. दिवसभर घरात असतो तो म्हातारा हाच, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

२

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. जेवण कुणाला नको होतं, पण बसली.

सूनबाईंनी आपल्या वाटणीचं आधीच सांगून टाकलं. त्या रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणंही रिपोर्टसारखं नेमकं असायचं. "सकाळी आठला खालच्या दारावर नोटीस लागली. दुरुस्तीसाठी दहा ते दोन पाणी बंद. मी पातेली भरून ठेवली, भांडी सिंकमध्ये भिजत घातली, बूच मीच लावलं. नळ बंद होता. पावणेनऊला निघाले. निघताना अण्णांना सांगितलं."

"सांगितलं होतंस," अण्णा म्हणाले. तिचे ओठ हलताना त्यांनी पाहिले होते, एवढं त्यांना आठवत होतं.

"मग?" मुलाने विचारलं. तो ताटाकडे बघत होता. मुलगा बसडेपोत मेकॅनिक, पहाटे साडेसहाला सायकलवर जायचा तो संध्याकाळी पाचला उगवायचा. आज आल्यापासून त्याने अण्णांच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"मग काय. पाणी गेल्यावर मीच नळ उघडला असेन आणि तसाच बाहेर पडलो असेन. दुसरं कोण होतं घरात?"

खरी अडचण नळाची नव्हतीच, पॉलिसीची होती. आणि पॉलिसी अण्णांनीच शोधलेली.

सत्तर-एकाहत्तर दिवसांपूर्वी अण्णा इथे आले, त्याच आठवड्यात मुलाने हे घर भाड्याने घेतलं. घरमालकाची अट साधी होती: महिन्याच्या आत भाडेकरूचा विमा दाखवा, नाहीतर दुसरं घर बघा. मुलगा आणि सून या देशात येऊन वर्षही झालं नव्हतं. ज्या माणसाचा इथे मागचा काही कागद नाही त्याला प्रत्येक कंपनी वाढीव हप्ता सांगत होती. मग अण्णा शब्दकोश घेऊन बसले. सात कंपन्यांची माहितीपत्रकं त्यांनी ओळ न् ओळ वाचली. या भाषेत मीठ कशाला म्हणतात ते त्यांना यायच्या आधी निष्काळजीपणाला काय म्हणतात ते आलं. काच फुटण्याचं कलम काढलं, सायकलचं काढलं, शेवटी पाहुण्यांचं काढलं, आणि हप्ता दोघांच्या पगाराला झेपेल असा खाली आणला. आल्यापासून त्यांनी मनापासून केलेलं काम तेवढंच.

"पाहुण्यांचं कलम हवं कशाला?" तेव्हा अण्णा म्हणाले होते. "आपल्याकडे पाहुणा येणार कोण?"

आता कळत होतं कोण. पॉलिसीवर नावं दोन, मुलाचं आणि सुनेचं. भाडेकरारात पाहुण्याला नव्वद दिवस राहायची मुभा होती, तेव्हा अण्णांचं राहणं नियमातच होतं. पण नुकसान नाव असलेल्याच्या हातून झालं तर कंपनी शिंपिणीला भरपाई देणार, पाहुण्याच्या हातून झालं तर कंपनी सरळ काखा वर करणार. बत्तीस कोट आणि छत या दोघांच्या बोकांडी बसणार. घरमालक तर कारण शोधतच होता.

"मी उघडला म्हणून सांगते," सूनबाई म्हणाल्या. "गुरुवारी अकराला त्यांची तपासनीस येणारे. एक वाक्य बोलायचं. कुणाला कळणार आहे?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ती बाई रडली पण नाही हो. तिच्यासाठी तरी."

"एकतीस वर्षं मी लोकांना हेच वाक्य बोलताना ऐकलंय. खोटा जबाब माझ्या घरातून जाणार नाही."

ते उठून आपल्या खुर्चीत जाऊन बसले. एक गोष्ट त्यांनी त्या दोघांना सांगितली नव्हती आणि सांगणारही नव्हते. गेले दोन महिने रोज दुपारी या खुर्चीत डोळे मिटून पडलं की त्यांना आवाज यायचे. दारात किल्ली फिरल्याचा. हलक्या पावलांचा. मग नळाचा, पेला भरल्याचा. आणि पुन्हा दार. अगदी साडेबाराच्या सुमाराला.

त्यांची बायको शाळेत शिकवायची. सकाळची शाळा बाराला सुटायची, साडेबाराला ती घरी यायची आणि चपला काढून आधी पेलाभर पाणी प्यायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, म्हणून अण्णाही बाईच म्हणायचे. ते आवाज बाईंचे होते. डोळे उघडले तर थांबतील, म्हणून अण्णांनी कधी डोळे उघडले नव्हते. मेलेल्या माणसाचं पाणी पिणं ज्याला ऐकू येतं, त्याने नळ उघडा टाकला तर नवल काय?

३

बुधवारी सकाळी ती दोघं कामावर गेल्यावर अण्णांनी जुनी सवय म्हणून एक कोरा कागद घेतला. नुकसान पाहणी अहवाल. जागा, वेळ, हजर व्यक्ती. कारण या शब्दापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की एकतीस वर्षांत त्यांनी साक्षीदारांना भेटल्याशिवाय कारणाचा रकाना कधी भरला नव्हता. कनिष्ठांना यावरून फैलावर घेतलं होतं. त्यांनी आपलं नाव खोडलं आणि खाली गेले.

शिंपीण एका कॉलरची शिवण उसवत बसली होती.

"बत्तीस कॉलर बदलल्या तर?" अण्णांनी विचारलं.

"कापडाचा रंगही गेलाय. बदलून काय होतंय?" तिने मान वर केली नाही. "तुमच्या कंपनीने नाही म्हटलं तर मी मशीन विकून टाकणार. बहिणीकडे जाईन."

अण्णांनी ते ऐकलं. वाईट वाटायला हवं, एवढं त्यांना कळलं.

"पाणी कधी दिसलं?"

"अडीच वाजून गेले होते. आधी एक थेंब. मला वाटलं, पाणी आत्ताच परत आलंय, पाइपमध्ये हवा असेल."

म्हणजे दोनला पाणी सुरू झालं, सिंक भरलं, सांडलं, अर्ध्या तासात खाली उतरलं. हे जुळत होतं. याचा अर्थ नळ पाणी बंद असतानाच उघडला गेला होता. पाणी चालू असताना उघडला असता तर उघडणाऱ्याला ते दिसलं असतं. म्हणजे दहा ते दोनच्या मधे.

"सकाळी वरून पावलांचा आवाज आला?"

"मशीन चालू असलं की मला माझाही आवाज येत नाही. पण एकदा आला. दुपारी दोरा बदलायला मशीन थांबवलं तेव्हा." ती विचार करत म्हणाली. "कुणीतरी पळत होतं."

"पळत?"

"वरच्या खोल्यांतून पळत आणि मग जिन्यावरून. मला वाटलं, आग लागली की काय."

अण्णांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. बायकोच्या शेवटच्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात ते पळाले होते, त्यानंतर कधी नाही.

४

किल्लीवाला तळघरात होता. तिथल्या टेबलावर त्याने दुरुस्तीचे जुने पाइप मांडून ठेवले होते, ते दाखवायला त्याला गिऱ्हाईक हवंच होतं. अण्णांनी सगळे पाइप पाहिले, गंजाला नावं ठेवली आणि मग मुद्द्यावर आले.

"काल दहा ते दोन तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. प्लंबर दोघे आणि मी. वर जायची सोयच नव्हती, एकाने पाइप सोडला असता तर तिघं न्हालो असतो."

"आमच्या घराची किल्ली तुमच्याकडे असते."

"सगळ्यांची असते." तो जरा तडकला. "माझ्यावर ढकलताय काय?"

"छे हो. एक साधी गोष्ट विचारतो. पाणी गेलंय, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही नळ उघडला, पाणी आलं नाही. मग काय करता?"

"बंद करतो. दुसरं काय करणार?"

"उघडा नाही ठेवत?"

"उघडा कशाला ठेवायचा?"

त्यांच्या गावात पाणी दिवसातून एकदा यायचं, आणि कधी येणार ते पाणी सोडणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. बाई नळ उघडा ठेवून खाली बादली लावायच्या. बादलीत धार पडल्याचा आवाज आला की घरातलं कुणीही असेल तिथून धावायचं. त्या घरात कोरडा नळ बंद केला तर बोलणी बसायची. 'बंद केलास? आता आलेलं कळणार कसं?' सूनबाईंचं माहेर विहिरीचं, त्यांना ही सवय नव्हती. तेव्हा हा हात आमच्याच घरात वाढलेला आहे, माझाच आहे, असं अण्णांच्या मनात आलं. कागदावरचं खोडलेलं नाव पुन्हा लिहावं लागणार होतं.

ते निघाले. दारातून मागे वळून, केवळ रकाना भरायचा म्हणून, त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "काल आमचं दार उघडायला त्रास झाला असेल ना? दोन वेढे असतात कुलपाला."

"कुठले वेढे?" किल्लीवाला म्हणाला. "दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. अर्ध्या फिरकीत उघडलं."

अण्णांचा हात चौकटीवर राहिला.

५

घरफोडीच्या चारशे दाव्यांची पाहणी केलेल्या माणसाच्या हाताला एक खोड लागते. अण्णा दाराला दोन वेढे देत, मग मूठ धरून तीन हिसके देत. बाई हसायच्या, मुलगा लहानपणी नक्कल करायचा. बाई गेल्या त्या दिवशी घरातून निघताना त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, तरी हाताने दोन वेढे आणि तीन हिसके दिले होते. मन बंद पडलं तरी हात चुकला नव्हता. तो काल कसा चुकेल?

ते वर आले, कोटाच्या खिशातून किल्ली काढली. किल्लीबरोबर एक घडी घातलेला कागद बाहेर आला आणि त्याला टाचलेलं एक टोकन.

हे मात्र त्यांना आठवलं. काल ते विमा कंपनीच्या कचेरीत गेले होते. पॉलिसीत तिसरं नाव घालायला काय पडेल ते विचारायला. रांगेत बसून अर्ज भरायला घेतला. नाव लिहिलं. नातं: वडील. मुक्काम कधीपासून, तेही लिहिलं. पुढे होतं, मुक्काम कधीपर्यंत. त्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. तिकडे रिकामं घर होतं आणि इकडे एक खुर्ची. कधीपर्यंत याचं उत्तर त्यांना देता आलं नाही. त्यांचा नंबर पुकारला गेला, निघून गेला, आणि ते उठून बाहेर कालव्याकाठच्या बाकावर बसले ते पावणेतीन वाजेपर्यंत.

टोकनावर वेळ छापली होती. नऊ अठ्ठेचाळीस. कचेरी घरापासून अण्णांच्या चालीने पंचवीस मिनिटांवर. म्हणजे ते घरातून निघाले तेव्हा नळाला पाणी होतं. दहा ते दोनच्या मधे या घरात पळणारा, कोरडा नळ उघडा टाकणारा, दार ओढून जाणारा माणूस अण्णा नव्हते.

दुपारी त्यांनी सूनबाईंना लॅबमध्ये फोन केला. त्या घाबरल्या, कारण अण्णांनी आपण होऊन फोन करायची ही पहिलीच वेळ होती.

"काल तू जाताना सिंकमध्ये काय काय होतं?"

"कढई, दोन ताटं, कुकरचं भांडं."

"पेला?"

"पेले सगळे धुऊन पालथे घातले होते. का हो?"

सिंकशेजारच्या ओट्यावर एक पेला उताणा होता. काल पाणी उपसताना कुणी तरी तो सिंकमधून काढून तिथे ठेवला असावा. आज सकाळपासून तो अण्णांच्या समोर होता.

"काल तू दुपारी घरी आली होतीस?"

"चाळीस माणसं रांगेत असतात अण्णा, मला खाली बसता येत नाही. आणि पाणी नाही हे ठाऊक असताना मी नळ कशाला उघडेन?"

ते बरोबर होतं. नोटीस आठला लागली. पाणी नाही हे ज्याला माहीत नव्हतं, असा माणूस आठच्या आधी घराबाहेर पडलेला हवा. त्याच्याकडे किल्ली हवी. त्याला पाणी प्यायला इथे यायचं काही कारण हवं. आणि त्याचा हात बाईंच्या घरात वाढलेला हवा.

अण्णा खुर्चीत बसले. घड्याळात बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. त्यांनी डोळे मिटले नाहीत. साडेबारा झाले. पावणेएक झाला. आज कुणी आलं नाही.

मग त्यांना कळलं की त्यांनी हे कोडं सोडवायलाच नको होतं.

६

मुलगा पाचला आला. सायकल खालच्या भिंतीला लावत होता तिथेच अण्णा उभे होते.

"अण्णा? खाली का आलात? काय झालं?"

"आज दुपारी आला नाहीस."

मुलाने सायकलचं कुलूप लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

"रोज येतोस," अण्णा म्हणाले. "साडेबाराला. पेलाभर पाणी पितोस आणि जातोस. काल आलास तेव्हा पाणी नव्हतं."

"तुम्ही जागे असायचात?"

"का येतोस?"

"डबा विसरलो होतो एकदा," मुलगा म्हणाला. "तुम्ही येऊन दहाएक दिवस झाले असतील. तुम्ही खुर्चीत होतात. मी दोन हाका मारल्या, तुम्ही हललाच नाहीत. मी नाकाशी हात धरून बघितला." तो सायकलच्या सीटवरचं नसलेलं काहीतरी खरवडत होता. "तेव्हापासून येतो. वीस मिनिटं यायला, वीस जायला. ओट्यापासून तुमची छाती हलताना दिसते. तेवढी बघतो आणि पाणी पिऊन जातो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिकीट काढून निघून गेला असतात."

"गेलो असतो," अण्णा म्हणाले. ते खरंच होतं.

"काल घाईत खालच्या दारावरची नोटीस बघितलीच नाही, पेला घेतला, नळ वर केला. पाणी आलं नाही. म्हणून खुर्चीकडे बघितलं तर तुम्ही नाही. आतल्या खोलीत नाही, बाथरूममध्ये नाही. चपला नाहीत. तुम्ही मागे एकदा कालव्याच्या पुलावर म्हणाला होतात, 'किती शांत पाणी आहे.' मला तेवढंच आठवलं. मी पळालो. पुलाच्या पलीकडे, खालच्या बाजूला, तासभर शोधलं. मग फोरमनचा फोन आला. मग हिचा आला, की घरात पाणी झालंय आणि तुम्ही परत आलायत."

"मी अलीकडच्या काठाला होतो. बाकावर."

"नळाचं मला खरंच नाही आठवत. मला वाटलं तुम्हीच..." तो थांबला. "तुम्ही मुद्दाम उघडा टाकून गेलात असं वाटलं. परत यायचं नाही म्हणून. मला विचारायची भीती वाटली. आजही आलो नाही. आत काय दिसेल म्हणून."

एवढा मोठा, ग्रीसने हात काळे झालेला माणूस भिंतीला टेकून उभा राहिला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या क्षणी दुसरीच एक गोष्ट त्यांच्या आतून वर आली.

"म्हणजे ती येत नव्हती," ते म्हणाले.

"कोण?"

"बाई. मला वाटायचं बाई येतात. साडेबाराला. पाणी प्यायला."

दोन महिने त्यांनी तिला रोज घरी येताना ऐकलं होतं. आता ती कधीच आली नव्हती. चार महिन्यांपूर्वी इस्पितळात रडायला हवं होतं ते अण्णा त्या भाड्याच्या इमारतीच्या भिंतीशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडले. मुलगा त्यांना धरून उभा राहिला. वरच्या खिडकीतून सूनबाईंनी पाहिलं आणि त्या अनवाणी खाली धावत आल्या.

७

गुरुवारी अकराला कंपनीची तपासनीस आली. तिने सिंक पाहिलं, छत पाहिलं, बत्तीस कोट मोजले आणि टेबलाशी बसून मुलाचा जबाब लिहून घेतला. पॉलिसीवर नाव आहे का? आहे. मुद्दाम केलं का? नाही. कामाच्या दिवशी दुपारी घरी कशासाठी आलात?

मुलाने अण्णांकडे पाहिलं.

"लिहा," अण्णा त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले. "बाप जिवंत आहे का ते बघायला. रोज येतो."

मग तिने ते तसंच लिहिलं. अण्णांनी तिला टोकन दिलं, किल्लीवाल्याचं कुलपाबद्दलचं म्हणणं सांगितलं, शिंपिणीने ऐकलेली पावलं सांगितली. तिने विचारलं, "तुम्ही या धंद्यात होतात का?" अण्णा हो म्हणाले. जाताना ती म्हणाली की कंपनीचं पत्र रीतसर येईल, पण तिला यात अडचण दिसत नाही. शिंपीण दारात उभी राहून ऐकत होती. ती खाली गेली, आणि थोड्याच वेळात तिचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

शुक्रवारी दुपारी अण्णा खुर्चीत बसले होते. समोर विम्याचा अर्ज होता. तिसरं नाव, वाढीव हप्ता, सगळं काल रात्रीच्या जेवणाला ठरलं होतं. सूनबाई म्हणाल्या होत्या, कधीपर्यंतच्या रकान्यात मुळात लिहायचंच कशाला, आपण इथे कायम राहायच्या परवानगीचा अर्ज करू. अण्णांनी तिथे अजून काही लिहिलं नव्हतं, पण कागद घडी घालून खिशातही ठेवला नव्हता.

साडेबाराला दारात किल्ली फिरली. हलकी पावलं आली. तेच सगळं, त्याच क्रमाने. एवढे दिवस बाईंची वाटलेली ती पावलं बाईंची नव्हती, हे आता अण्णांना ठाऊक होतं आणि ते दुखत होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवले.

मुलगा ओट्याशी उभा होता. त्याने पेला भरला आणि सवयीने खुर्चीकडे पाहिलं. अण्णा त्याच्याकडेच बघत होते. दोघंही जरा ओशाळले.

"मलाही दे पेलाभर," अण्णा म्हणाले.

त्याने दुसरा पेला भरून आणला आणि स्टूल ओढून समोर बसला. त्याच्याकडे दहा मिनिटं होती. बापलेक पाणी प्यायले.

"नळ बंद केलास का?" अण्णांनी विचारलं.

मुलगा उठला, ओट्याशी गेला, बघून आला. "केलाय," तो म्हणाला आणि पुन्हा बसला.